परत आलेली विनोदी मालिका पुढे चालणार का, हे कशावरून ओळखायचं?

साताऱ्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी गाजलेली एक विनोदी मालिका यंदा त्याच नावाने परत सुरू झाली. तिचं बरंचसं शूटिंग साताऱ्याजवळच्या एका गावातल्या वाड्यात चालतं. ठरलेले भाग आता संपत आलेत आणि पुढचा सीझन होणार की नाही, यावर चॅनल काहीच बोलत नाही. ताईंच्या घरात आणि गल्लीत दोन तट पडलेत. 'होणार' म्हणणारे सांगतात, यूट्यूबवर क्लिपांना लाखांनी व्ह्यूज आहेत आणि मुख्य नटाने मेकअप रूममधला फोटो टाकून खाली 'लवकरच भेटू' असं लिहिलंय. 'बंद पडणार' म्हणणारे सांगतात, युनिटने लॉज सोडलं, त्याच नटाने नाटकाचे प्रयोग धरलेत आणि गावातल्या ज्या पोरांनी काम केलं त्यांचे पैसे अजून आलेले नाहीत. यातलं खरं काय धरायचं?

ताई, मी सातारा-वाई पट्ट्यात मालिकांचं प्रॉडक्शन बघतो. लोकेशन, गाड्या, जेवण, कलाकारांच्या डेट्स, बिलं हे सगळं माझ्या हाताखालून जातं. मालिकेचं नाव इथे घेत नाही, कारण निर्णय व्हायचाय आणि त्या युनिटमधली बरीच मंडळी माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातली आहेत. पण तुमच्या पाचही पुराव्यांबद्दल ठामपणे सांगतो: त्यातल्या एकावरूनही काही ठरत नाही. ठरतं ते स्लॉटवरून, म्हणजे मालिकेला मिळालेल्या वेळेवरून, प्रायोजकावरून आणि लेखकांवरून. विनोदी मालिका असेल तर लेखकांवरून सगळ्यात आधी.

लॉजपासून सुरुवात करू. युनिटने खोल्या सोडल्या ही बातमी साताऱ्यात पावसाळ्याच्या शेवटी हमखास पसरते. कासला फुलं यायला लागली की शनिवार-रविवारी खोली मिळत नाही आणि मिळाली तर दर चढलेले असतात. महिन्याच्या बोलीवर राहणाऱ्या युनिटला लॉजवाला स्वतःच सांगतो, थोडे दिवस दुसरीकडे सोय बघा. मग युनिट वाईकडे नाहीतर कोरेगावच्या बाजूला सरकतं. गावातले लोक सकाळी रिकाम्या खोल्या बघतात आणि मालिका गुंडाळली असं समजतात. सेटवर ताडपत्री दिसली तरी तेच. ती बहुतेक वेळा पावसासाठी असते. रंगपंचमीच्या दिवसांत वाईच्या आसपास शूटिंग थांबलेलं दिसतं, ते बावधनच्या बगाड यात्रेमुळे. त्या दिवशी ना ज्युनियर आर्टिस्ट मिळतात, ना गाडीवाले, म्हणून आम्ही शेड्यूलच तसं लावतो.

इथे राहून खरोखर काही कळून घ्यायचं असेल तर वाड्याच्या करारावर लक्ष ठेवा. खोल्यांचं भाडं महिन्याला ठरतं आणि महिन्याला मोडतं. वाड्याचा करार मात्र लेखी असतो आणि त्याची मुदत चॅनलने निर्मात्याला किती भागांची ऑर्डर दिली आहे त्यावर बेतलेली असते. ऑर्डर नसताना कुठलाही निर्माता रिकाम्या वाड्याचं भाडं खिशातून भरत बसत नाही. म्हणून मुदत वाढवून घेतली, किंवा शूटिंग बंद असूनही कपाटं, कपडेपट आणि सेटचं सामान वाड्यातच कुलपात ठेवून त्यापुरतं भाडं चालू ठेवलं, तर समजायचं की बोलणी जिवंत आहेत. सामान टेम्पोत भरून मुंबईला गेलं आणि भिंतींना दिलेला रंग मालकाच्या सांगण्यावरून परत पूर्वीसारखा केला, तर तो वाडा तरी संपला. मालिका संपलीच असं तरीही नाही. कारण खर्च कमी करण्यासाठी चॅनल कधी कधी म्हणतं, पुढचं मुंबईत सेट लावून करा.

नटाने नाटक घेतलं, याचा अर्थ लावताना वार बघा. मराठी नट मालिका चालू असतानाही शनिवार-रविवार प्रयोग करतो. शाहू कला मंदिरात रविवारी दुपारचा प्रयोग करून रात्री परत सेटवर येणारे कलाकार आम्ही नेहमी बघतो, त्यांच्या गाडीची सोय आम्हीच लावतो. तेव्हा वीकेंडच्या जाहिरातीवरून काही निष्कर्ष काढू नका. तोच नट पाच-सहा आठवड्यांच्या परदेश दौऱ्यावर निघाला, किंवा दुसऱ्या चॅनलच्या रोजच्या मालिकेत मुख्य भूमिकेत दिसायला लागला, तर गोष्ट वेगळी. रोजच्या मालिकेला महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस द्यावे लागतात. ते दिले की दुसरीकडे द्यायला काही उरत नाही.

पैशांचं मला जास्त लागतं, म्हणून स्पष्ट लिहितो. टीव्हीच्या धंद्यात काम केल्यावर साधारण नव्वद दिवसांनी पैसे मिळण्याची पद्धत आहे. जूनमध्ये केलेल्या कामाचे पैसे सप्टेंबरमध्ये. शहरातल्या तंत्रज्ञांना हे माहीत असतं. गावातल्या पोरांना, ज्यांनी गर्दीत उभं राहून किंवा सामान उचलून काम केलेलं असतं, त्यांना कुणी नीट सांगत नाही आणि त्यांना वाटतं बुडाले. रोजंदारीवरच्या माणसाला तीन महिने थांबवणं चूकच आहे, हे मी बैठकीतही बोलतो. पण 'पैसे आले नाहीत म्हणजे मालिका बुडणार' हा तर्क बरोबर नाही. चालू असलेल्या, उत्तम रेटिंगच्या मालिकेतही पैसे तितक्याच उशिरा येतात. तुमच्या गल्लीतल्या पोरांना सांगा, कामाच्या दिवसांची नोंद आणि व्हाउचरचा फोटो जपून ठेवा.

'लवकरच भेटू' या फोटोला शून्य गुण द्या. मालिका चालू असताना प्रसिद्धीसाठी काय टाकायचं हे बहुतेक वेळा चॅनलची टीम सांगते, आणि नट स्वतः लिहितो तेव्हाही त्याला निर्णय माहीत असतोच असं नाही. अनेकदा त्याला तुमच्यापेक्षा आठवडाभरच आधी कळतं.

आता यूट्यूब. तुमच्या मंडळींचा सगळ्यात भक्कम वाटणारा पुरावा हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चॅनल ज्या आकड्यांवर जाहिरात विकतं ते टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे. देशात टीव्ही असलेली सुमारे २३ कोटी घरं आहेत आणि त्यातल्या फक्त ५८,००० घरांत मीटर बसवलेले आहेत. चॅनलच्या आवाजात ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते, मीटर ती ओळखतं, आणि घरातला कोण टीव्हीसमोर आहे ते त्याने आपापलं बटण दाबून कळवायचं असतं. कुठल्या घरात मीटर आहे हे गुप्त ठेवतात. दर गुरुवारी त्यावरून आकडे येतात. गुरुवारी सकाळी चॅनलच्या ऑफिसात कुणाला फोन करायचा नसतो, हे आमच्याकडे नवशिक्यालाही माहीत आहे. या सगळ्यात तुमच्या मोबाइलवरची क्लिप कुठेच येत नाही. चार मिनिटांचा तुकडा दहा लाख लोकांनी पाहिला तर चॅनलला त्याचे पैसे मिळतात, नाही असं नाही, पण रात्रीच्या अर्ध्या तासातल्या जाहिरातींसमोर ती रक्कम लहान असते. उलट क्लिप फार चालली तर कुणीतरी बैठकीत विचारतं की लोक तुकडेच बघणार असतील तर पूर्ण भाग कशाला करायचा. चॅनलच्या अॅपवर पूर्ण भाग पाहिला तर त्याची नोंद होते, आणि भाग शेवटपर्यंत पाहिला की अर्ध्यात सोडला हेही कळतं. म्हणून जे मनापासून मालिका वाचवू बघतात त्यांना मी सांगतो: टीव्हीवर वेळेला बघा, नाही जमलं तर अॅपवर अख्खा भाग बघा. क्लिपा शेअर करा, पण त्या मोजू नका.

परत आलेल्या मालिकेचे आकडे नव्या मालिकेसारखे वाचता येत नाहीत. नवी मालिका हळूहळू चढते. परत आलेली पहिल्या आठवड्यात सगळ्यात वर असते, कारण जुनी माणसं बघायला सगळे येतात, आणि मग उतरते. ती उतरणार हे चॅनलने धरलेलंच असतं. प्रश्न असतो की उतरून कुठे थांबते. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात आकडा जिथे टेकतो, तो खरा. तिथून तो सपाट राहिला तर मालिका जगते, मग पहिल्या आठवड्याच्या निम्म्यावर का असेना.

अमेरिकेतली दोन उदाहरणं इथे उपयोगी पडतात, कारण तिथे निर्णय उघडपणे जाहीर होतात. 'नाइट कोर्ट' ही १९८४ ते १९९२ या काळातली कोर्टातली विनोदी मालिका २०२३च्या जानेवारीत परत आली. सुरुवात इतकी जोरात झाली की फेब्रुवारीतच दुसरा सीझन जाहीर झाला. नंतर प्रेक्षक घटत गेले आणि तीन सीझननंतर २०२५च्या मे महिन्यात ती बंद झाली. 'रोझॅन' या परत आलेल्या कौटुंबिक विनोदी मालिकेचं तर त्याहून टोकाचं. २०१८च्या मार्चअखेर पहिला भाग पावणेदोन कोटींहून जास्त लोकांनी पाहिला, तीन दिवसांत पुढचा सीझन मंजूर, आणि मेअखेर मुख्य अभिनेत्रीच्या एका वर्णद्वेषी ट्वीटमुळे मालिका रद्द. मग तिला वगळून उरलेल्या कुटुंबाची 'द कॉनर्स' ही मालिका उभी केली आणि ती २०२५पर्यंत चालली. म्हणजे जाहीर झालेला सीझनसुद्धा रद्द होतो, आणि रद्द झालेल्या मालिकेतूनही दुसरी निघते.

पण तिथल्या चाहत्यांची पद्धत आपल्याला लागू करताना एक फरक लक्षात घ्या. तिथे मोठी नेटवर्क दरवर्षी मे महिन्यात जाहिरातदारांसमोर पुढच्या वर्षाचं वेळापत्रक मांडतात, त्यामुळे कोणती मालिका राहिली आणि कोणती गेली याचा निकाल त्या सुमाराला लागतो. चाहते त्या तारखेकडे डोळे लावून बसू शकतात. मराठीत अशी तारीखच नाही. आपली रोजची मालिका 'सीझन'वर चालत नाही. ती चालते तोवर चालते आणि थांबवायची ठरली की चॅनल निर्मात्याला साधारण महिनाभर आधी, कधी त्याहून कमी दिवस आधी, 'ट्रॅक गुंडाळा', म्हणजे कथानक संपवा, म्हणून सांगतं. स्किटचे कार्यक्रम मात्र ठरावीक भागांच्या ऑर्डरवर चालतात, आणि तुमची मालिका आठवड्यातून दोन दिवस असल्याने तीही तशीच असणार. अशा ऑर्डरला मुदतवाढ मिळते ती गाजावाजा न करता. शेवटच्या भागाचा प्रोमो आलाच नाही की समजायचं, वाढली.

आपल्याकडचे दाखले द्यायचे तर 'फू बाई फू' २०२२च्या नोव्हेंबरात बऱ्याच वर्षांनी परत आलं आणि काही आठवड्यांतच आवरतं घ्यावं लागलं. नाव मोठं होतं, आठवणी चांगल्या होत्या, तरी. 'चला हवा येऊ द्या' २०१४ ते २०२४ चाललं, मग २०२५ साली परत आलं ते सूत्रसंचालक बदलून. निलेश साबळे यांच्या जागी अभिजीत खांडकेकर. कार्यक्रमाचं नाव सहसा चॅनलच्या मालकीचं असतं, माणसं नसतात, हे यातून दिसतं. विनोदी नसलेलं पण आपल्या साताऱ्यात घडलेलं उदाहरण 'देवमाणूस'चं: २०२०ला सुरू, २०२१च्या ऑगस्टमध्ये संपली, त्याच डिसेंबरात दुसरा भाग आला आणि २०२५ला 'मधला अध्याय'. 'संपली' हा शब्द चॅनल फार सैल अर्थाने वापरतं.

आता लेखक. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, आणि चाहत्यांच्या गप्पांत नेमकं याचंच नाव कधी निघत नाही.

अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती जाऊन साधारण बावीस मिनिटांचा मजकूर लागतो. रडारडीच्या मालिकेत हे मिनिट ताणता येतात. कुणीतरी दारात उभं राहतं, तिघांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा फिरतो, पाऊण मिनिट गेलं. विनोदात ती सोय नाही. दर अर्ध्या मिनिटाला काहीतरी घडावं लागतं आणि ते आधीच्या भागात घडलेलं नसावं लागतं. असं आठवड्याला दोनदा लिहिणारी माणसं मराठीत मोजकी आहेत, आणि ती सगळ्यांनाच हवी असतात: सिनेमाला, नाटकाला, दुसऱ्या चॅनलला. भागागणिक मानधन मिळतं, ऑर्डर संपली की मिळकत संपते. म्हणून चॅनल गप्प बसलं की लेखक आधी निघतो. मग ऑर्डर येते तेव्हा नट आहेत, वाडा आहे, प्रायोजकही आहे, आणि लिहायला कुणी नाही.

परत आलेल्या मालिकेत हे जास्त बोचतं. पहिले पंधरा-वीस भाग जुन्या ओळखीवर निभावतात. तोच पाटील, तोच त्याचा अडकणारा शब्द, तीच शेजारीण. नुसती एंट्री झाली तरी घरात हशा. ही शिल्लक संपते, आणि ती कधी संपली हे सेटवर उभ्या माणसाला कळतं. नट वाक्य बोलून झाल्यावर लाइटमनकडे बघतो. लाइटमन हसला नाही की तो पुन्हा टेक मागतो. तेव्हा लेखकाने नवी पात्रं आणलेली असली, आणि त्या पात्रांना स्वतःचा हशा मिळत असला, तर मालिकेला पुढचं वर्ष आहे. जुन्याच पात्रांना जुनंच वाक्य आणखी मोठ्याने म्हणायला लावलं जात असेल, तर रेटिंग काहीही असो, फार ओढता येणार नाही.

'फ्रेझियर' ही १९९३ ते २००४ अकरा सीझन चाललेली अमेरिकन मालिका २०२३ला परत आली तेव्हा हेच घडलं असं मला वाटतं. मुख्य नट तोच, पण गाव बदललं, वडिलांचं काम करणारे जॉन महोनी २०१८लाच गेले होते आणि धाकट्या भावाच्या भूमिकेतला नट परत आला नाही. त्या दोघांच्या जागी आलेल्या पात्रांवर लोकांचा जीव जडेपर्यंत दोन सीझन संपले आणि २०२५च्या जानेवारीत ती बंद झाली. उलट 'खिचडी' बघा. २००२ साली सुरू झालेलं ते पारेख कुटुंब २००५ला नव्या नावाने आलं, २०१०ला सिनेमात, २०१८ला पुन्हा टीव्हीवर, २०२३ला पुन्हा सिनेमात. दरवेळी आतिश कपाडिया आणि जे. डी. मजेठिया ही जोडी तीच. लिहिणारा हात टिकला म्हणून पात्रं टिकली. याच जोडीची 'साराभाई वर्सेस साराभाई' २००४ ते २००६ चालली, नंतर पुनःप्रक्षेपणांतून लोकांच्या गळ्यातला ताईत झाली आणि २०१७ला वेब सीरिज म्हणून परत आली. पुढची कधी, असं लोक वर्षानुवर्षं विचारत राहिले. २०२५च्या ऑक्टोबरात त्यातले इंद्रवदन साकारणारे सतीश शहा गेले. इंद्रवदनशिवाय ते घर मला तरी बघवणार नाही. परत आणायच्या गोष्टींना वेळेची मर्यादा असते, चॅनलने गप्प राहून वर्षं घालवली की ही किंमत मोजावी लागते.

तुमच्या मालिकेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती साताऱ्याच्या माणसालाच कळेल. तिचा अर्धा विनोद बोलीत आहे. तेजपाल वाघ यांनी लिहिलेल्या 'लागिरं झालं जी'ने २०१७ ते २०१९ या काळात आपल्याकडची भाषा घराघरात नेली. त्यानंतर साताऱ्याचं बोलणं लिहिता येतं असं सगळ्यांनाच वाटायला लागलं. नुसतं 'हाय' आणि 'न्हाय' घातलं की सातारी होत नाही. कोण कुणाला कधी 'आवं' म्हणतं, भाऊबंदकीत बोलताना आवाज कुठे खाली येतो, पाहुण्यासमोर टोमणा कसा मानाच्या शब्दांत गुंडाळतात, हे ज्याने ऐकलंय त्यालाच लिहिता येतं. गेल्या काही भागांत पात्रं अचानक कुठल्याच गावची नसल्यासारखी बोलायला लागली असतील, तर लेखक बदललाय. भाग संपल्यावर नावं झरझर जातात. अॅपवर थांबवून वाचा. कथा, पटकथा, संवाद या तीन ओळींत पहिल्या भागातली आणि आताची नावं ताडून बघा. 'संवाद' ही ओळ बदलली असेल तर मला काळजी वाटेल.

घरबसल्या दिसणाऱ्या उरलेल्या खुणा पटकन सांगतो. सुरुवातीला 'प्रस्तुतकर्ते' म्हणून ज्या ब्रँडचं नाव यायचं ते अजून येतंय का बघा. जाहिरातींच्या ब्रेकमध्ये बाहेरच्या जाहिराती कमी आणि चॅनलच्याच इतर मालिकांचे प्रोमो जास्त दिसायला लागले, म्हणजे तो अर्धा तास विकला जात नाही. नियमाप्रमाणे तासाला दहा मिनिटं जाहिराती आणि दोन मिनिटं स्वतःची प्रसिद्धी करता येते. चांगला स्लॉट ती दहा मिनिटं सोडत नाही. मालिकेची वेळ नऊवरून साडेदहावर गेली तर ती धोक्याची खूण. पण त्याच चॅनलवर 'बिग बॉस'सारखा मोठा कार्यक्रम आल्यामुळे सरकवली असेल तर तो संपेपर्यंत थांबा. आणि दसरा-दिवाळीत जाहिरातीचे दर चढे असतात, त्यामुळे चालतं काही बंद करायला चॅनल सहसा त्या दिवसांत धजावत नाही.

तुम्ही पाठवलेल्या माहितीवरून माझा अंदाज असा. प्रायोजक पहिल्या भागापासून तोच आहे आणि वेळ बदललेली नाही, या दोन्ही गोष्टी मालिकेच्या बाजूने आहेत. दिवाळीपर्यंत भाग वाढवून मिळतील असं मला वाटतं. त्यापुढचं मी संवादलेखकाच्या नावावर ठेवतो. तुम्ही लिहिलंय की मधल्या काही भागांत मालिकेतल्या तात्यांचं बोलणं 'पुण्याचं वाटलं'. ते भाग अॅपवर परत लावा, शेवटची नावं बघा आणि मला कळवा. वाड्याच्या मालकांकडे तुमचं येणंजाणं असेल तर कराराची मुदत डिसेंबरच्या पुढे गेली का, एवढंच विचारा.